शाखेचा प्रश्न : दोन वाटांचा इतिहास

वसंत व्याख्यानमाला भरण्याचे दिवस आणि परीक्षांचे निकाल लागण्याचे दिवस साधारण एकच असतात. या दिवसांत चाळीत, वस्तीत, गावच्या पारावर एकच चर्चा चालू असते : पोराने आता काय घ्यावे? कला, वाणिज्य, विज्ञान, की सरळ आय.टी.आय.? आमच्या युनियनच्या कचेरीतही या सुमारास बोनसच्या आणि बदलीच्या तक्रारींबरोबर प्रवेशाचे अर्ज हातात घेतलेले बाप येतात. कामगारांच्या कार्यकर्त्याने शिक्षणाच्या इतिहासावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल म्हणून हे आधीच सांगून टाकतो. पगाराचा करार तीन-चार वर्षांत पुन्हा करता येतो. पंधराव्या वर्षी मुलाने घेतलेली शाखा मात्र सहसा पुन्हा बदलता येत नाही. तेव्हा हा प्रश्न आमच्या कामापासून दूरचा नाही.

विषयांची निवड ही मुलाच्या आवडीची व बुद्धीची बाब आहे, असे आपण धरून चालतो. पण इतिहास पाहू गेले तर निराळेच दिसते. विषय कोणता घ्यायचा हे बहुतेक वेळा मुलाच्या आधी दुसऱ्या कोणीतरी ठरविलेले असते. कधी सरकारने, कधी जातीने, कधी घरातल्या चुलीने. ही निवड हळूहळू मुलाच्या हाती यावी यासाठी जे झगडे झाले, त्यांचा थोडक्यात आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

आरंभी निवड नव्हतीच. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवणारे न्यायमूर्ती रानडे हे त्या पहिल्या तुकडीतलेच. मॅट्रिक ही कॉलेजात जाण्याची परीक्षा. परंतु कचेरीत कारकुनी मिळण्यासही तीच उपयोगी पडू लागल्यामुळे सारे हायस्कूल तिच्यासाठीच चालू लागले. शेतकऱ्याचा मुलगा असो की कारागिराचा, शाळेत टिकला तर त्याने मॅट्रिकची वाट चालावी आणि न टिकला तर घरी बसावे, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेकडे सरकारचे लक्ष गेले ते १८८२ साली. लॉर्ड रिपन यांनी नेमलेल्या हंटर कमिशनने अशी शिफारस केली की, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी, आणि दुसरी व्यापार व इतर व्यवहारोपयोगी धंद्यांसाठी मुलांना तयार करणारी. आपल्या देशात शाखानिवडीचा प्रश्न सरकारी कागदावर आला तो येथे. याच कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत ते सक्तीचे असावे, आणि त्यात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य हेही असावे, अशी त्यांची मागणी होती. दोघांतला फरक नीट पाहिला पाहिजे. कमिशन व्यवहारोपयोगी ज्ञान वेगळ्या वाटेवर ठेवीत होते. जोतीराव ते अक्षरज्ञानाच्याच शेजारी, एकाच वर्गात, प्रत्येक मुलापुढे ठेवीत होते.

हंटर कमिशनची दुसरी वाट कागदावर उघडली, पण तिच्यावर फारसे कोणी चालले नाही. मुंबई इलाख्यात स्कूल फायनलसारखी निराळी परीक्षाही निघाली, तरी गर्दी मॅट्रिककडेच राहिली. याबद्दल पुढची कित्येक वर्षे आपल्या लोकांना दोष दिला गेला. हिंदी माणसाला हातांनी काम करण्याचा कंटाळा आहे, त्याला खुर्चीच हवी, असे म्हटले गेले. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. पालक अडाणी असले तरी हिशेबाला पक्के होते. एका वाटेच्या शेवटी पगार, पेन्शन व मान होता. दुसऱ्या वाटेच्या शेवटी काय आहे हे सांगायला कोणी तयार नव्हते. पुढे कॉलेजात जावेसे वाटले तर त्या वाटेवरून परतताही येत नव्हते. अशा वेळी कोणता शहाणा बाप मुलाला तिकडे पाठवील?

आता ज्यांना दोन वाटांपैकी एकीवरही मनासारखे पाऊल टाकता आले नाही, त्यांचे पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकायचे होते व वडिलांचीही तशीच इच्छा होती. परंतु अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकविण्यास शिक्षकाने नकार दिला, आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले, ही गोष्ट निराळी. कागदोपत्री त्या शाळेत संस्कृत व फारसी असे दोन पर्याय होते. या मुलापुढे एकच होता. शाळेच्या माहितीपत्रकात किती विषय छापले आहेत यावरून निवडीचे स्वातंत्र्य मोजता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

शाळेत जे घडले तेच गिरणीतही घडत होते, आणि हे आम्हा कामगारवाल्यांनी विसरता कामा नये. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी बरी मिळे. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेवढ्या विटाळाच्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात येऊ दिले जात नसे. त्यांच्या वाट्याला रिंगखाते व तसलीच कमी मजुरीची कामे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा मागण्यांच्या यादीत तो घातला गेला खरा, पण नाखुशीने. जो कामगार स्वतःच्या खात्याचा दरवाजा दुसऱ्या कामगाराला बंद करतो, त्याला शाळेचा दरवाजा आपल्या मुलाला बंद झाल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करता येईल?

मुलींची कथाही याच जातीची आहे. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलींना इंग्रजी व गणित कशाला, त्यांना संसाराला उपयोगी पडेल तेच शिकवावे, असा गदारोळ उठला, आणि त्यात ‘मराठा’ पत्र पुढे होते. मुलींसाठी वेगळे विषय हा विचार त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. अखेर स्वातंत्र्यानंतर श्रीमती हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांत असा भेद करण्यास आधार नाही, असा निर्वाळा दिला, आणि कोठारी आयोगाने १९६६ साली त्याला दुजोरा दिला. गृहशास्त्र मुलींवर लादू नये, आणि गणित व विज्ञान घेण्यास त्यांना उत्तेजन द्यावे, असे तो आयोग म्हणाला.

येथे थोडे देशाबाहेर जाऊन यावे लागेल. कारण कामगारांच्या संघटनांनी शाखेच्या प्रश्नावर उघड लढा दिल्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराचे आहे. तेथील शाळांचे माजी अधीक्षक एडविन कूली यांना शहरातील बड्या व्यापाऱ्यांच्या कमर्शियल क्लबने युरोपात पाठविले. जर्मनीतल्या धंदेशाळा पाहून ते परतले आणि त्यांनी एक विधेयक तयार केले : चौदा वर्षांपुढच्या, शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या धंदेशाळा काढाव्यात, आणि त्या सामान्य शाळामंडळाकडे न देता वेगळ्या मंडळाच्या ताब्यात असाव्यात. हे विधेयक १९१३ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात आले, तेव्हा शिकागो फेडरेशन ऑफ लेबर ही कामगारांची मध्यवर्ती संघटना व शिक्षकांची संघटना यांनी मिळून त्याला कसून विरोध केला. धंदेशिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता; ते तर त्यांना हवेच होते. त्यांचे म्हणणे असे की, कामगाराच्या मुलासाठी एक शाळा आणि मालकाच्या मुलासाठी दुसरी, अशी फाळणी चौदाव्या वर्षीच करून टाकू नका. धंदा शिकवा, पण त्याच शाळेत, त्याच मंडळाखाली. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनीही या योजनेविरुद्ध लेखणी उचलली. ते विधेयक नामंजूर झाले, आणि पुढे पुन्हा आणले तेव्हाही तगले नाही.

त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, आणि याच ड्यूईंचे ते विद्यार्थी झाले. शाळा ही लोकशाहीची शाळा असली पाहिजे, हा गुरूचा विचार; आणि ज्याला हवा तो विषय शाळेत मिळाला नव्हता असा शिष्य. ही गाठ महत्त्वाची आहे.

पण शिकागोच्या विजयाचा शेवट गोड झाला असे समजू नये. १९१७ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने धंदेशिक्षणासाठी पैसा देणारा कायदा केला. बहुतेक ठिकाणी ते शिक्षण एकाच मोठ्या हायस्कुलात आले, ही कामगारांची मागणी. मात्र त्या एका इमारतीच्या आतच मुलांच्या वेगळ्या रांगा पाडण्यात आल्या : कॉलेजात जाणारे एका रांगेत, कामाला जाणारे दुसऱ्या. कोणी कोणत्या रांगेत उभे राहायचे हे चाचण्या आणि शिक्षकांचा अंदाज यांवर ठरू लागले, आणि गरिबांची व काळ्या लोकांची मुले पुन्हा शेवटच्या रांगेतच सापडू लागली. वॉशिंग्टन शहरातील अशी पद्धत तेथील न्यायालयाला १९६७ साली पक्षपाती म्हणून रद्द करावी लागली. तात्पर्य, छप्पर एक झाले म्हणजे काम संपले असे नाही.

आपल्याकडे याच काळात एक वेगळा प्रयोग झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र अमलात आणले. बहुजनांची मुले वसतिगृहात राहत, शेतात खपत, दगड-माती वाहत, स्वयंपाक करीत आणि शिकत. त्यांनी हातांनी काम केले म्हणून त्यांना हलक्या दर्जाची परीक्षा दिली गेली नाही. ती मुले इतरांच्याच परीक्षेला बसली आणि त्यातून वकील, शिक्षक, अधिकारी, आमदार निघाले. श्रम हा तेथे शिक्षणाचा खर्च भागविण्याचा आणि माणूस घडविण्याचा मार्ग होता. मुलाला कायमचे एका जागी बसविण्याचे साधन नव्हते.

स्वातंत्र्यानंतर शाखेचा प्रश्न नव्याने हाती घेतला तो मुदलियार आयोगाने. १९५२ साली नेमलेल्या या आयोगाने १९५३ साली अहवाल दिला. एकाच साच्यातले हायस्कूल मोडून बहुउद्देशीय शाळा काढाव्यात आणि सात गट ठेवावेत, अशी त्याची योजना होती : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान. मुलांना निवडीत मदत करण्यासाठी शाळांतून मार्गदर्शक नेमावेत, हेही आयोगाने सांगितले. योजना उदार होती. अडचण आली ती अंमलात. शेतीचा गट आहे पण शेत नाही, तांत्रिक गट आहे पण यंत्रशाळा नाही, आणि सारे असले तरी शिकविणारा नाही. अशा शाळांना शिक्षक पुरवावेत म्हणून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली ती १९६३ साली, म्हणजे अहवालानंतर दहा वर्षांनी. आधी दुकान उघडायचे आणि दहा वर्षांनी माल मागवायचा, असा हा व्यवहार झाला. शिवाय तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने गट कायमचा ठरवायचा, हे वयही फार कोवळे होते.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही चूक ओळखली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्याच्या मातीतले जे. पी. नाईक. पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्यावे, त्यात कार्यानुभव असावा, आणि फाटा त्यानंतर फुटावा, असे आयोगाने सुचविले. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. निवड दोन वर्षांनी पुढे गेली, हा मोठाच लाभ. कार्यानुभवाचे मात्र काय झाले, हे त्या तासाला कागदाची फुले करून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आयोगाने आणखी एक अपेक्षा केली होती. दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणात असावेत. १९८६ साल उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने उद्दिष्ट खाली आणले : १९९० पर्यंत शेकडा १० व १९९५ पर्यंत शेकडा २५. तेही जमेना, म्हणून १९९२ साली मुदती पुढे ढकलून १९९५ व २००० करण्यात आल्या. २०२० च्या धोरणाने पुन्हा शेकडा ५० चा आकडा घेतला, साल २०२५ धरले, आणि आता भाषा अशी की निदान इतक्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा. प्रवेशाचे उद्दिष्ट परिचयावर आले. बाराव्या योजनेच्या अंदाजाप्रमाणे १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले शेकडा ५ सुद्धा नाहीत, तर जर्मनीत ते ७५ व दक्षिण कोरियात ९६ आहेत, असे हेच धोरण नमूद करते.

महाराष्ट्रात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. द्विलक्षी अभ्यासक्रम आले, १९८८ च्या सुमारास किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. द्विलक्षीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुसरी भाषा व एक विषय सोडून त्याऐवजी दोनशे गुणांचा धंदेविषय घ्यायचा, ही योजना. तिचा फायदा घेतला तो मुख्यतः इंजिनियरिंगला जाऊ पाहणाऱ्या विज्ञानाच्या मुलांनी. भाषेपेक्षा तेथे गुण चांगले मिळत. धंद्यासाठी काढलेली खिडकी पुन्हा पहिल्याच वाटेवर उघडली.

यालाही मी लोकांचा दोष म्हणणार नाही. आजवरची रीत पाहा. बारावी विज्ञान झालेला मुलगा उद्या कला वा वाणिज्य घेऊ शकतो. कला घेतलेल्याला विज्ञानाच्या पदवीकडे वळणे जवळजवळ अशक्य. दार एकाच बाजूने उघडते. म्हणून ज्याला काही ठरविता येत नाही तो विज्ञान घेतो. आवड असो वा नसो, परतीचे भाडे हातात ठेवतो. उलट जेथे परतीची वाट केली गेली तेथे लोक धंद्याकडेही जातात. दोन वर्षांची आय.टी.आय. केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास, आणि पदविका झालेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळण्याची सोय आपल्या राज्यात आहे. फिटरचा मुलगा फिटर होऊन पुढे इंजिनियर झाल्याची उदाहरणे कारखान्यांतून सापडतात ती या सोयीमुळे. दुर्दैव एवढेच की ही सोय आहे हे ज्याला सर्वांत जास्त कळायला हवे त्याला प्रवेश झाल्यानंतर कळते.

या साऱ्या इतिहासातून माझ्यासारख्या कार्यकर्त्याने घ्यायचा बोध असा. विषयांची निवड खरी व्हायची असेल तर तीन गोष्टी लागतात. जो विषय छापला आहे तो शिकविणारा माणूस व त्याची साधने शाळेत हजर पाहिजेत. घेतलेल्या वाटेवरून दुसरीकडे वळण्याची सोय नियमात पाहिजे. आणि घरात दोन वेळची चूल पेटती पाहिजे, कारण १९८२ च्या गिरणी-संपानंतर आमच्या भागात ज्या मुलांनी शाळा सोडली त्यांना कोणत्याही आयोगाचा कोणताही गट उपयोगी पडला नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी शिक्षणखात्याच्या हातातल्या आहेत. तिसरी आपल्या, म्हणजे संघटनेच्या.

२०२० चे धोरण म्हणते की कला व विज्ञान, अभ्यास व धंदा यांच्यात कडक भिंती नसाव्यात. हा विचार चांगला आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. जोतीरावांनी हे १८८२ सालीच एका वर्गात बसवून दाखविले होते. पण भिंत पडली की नाही हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉलेजात पाहून ठरवू नये. ज्या तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे, आणि विज्ञानाची तुकडी विनाअनुदानित म्हणून फी भरावी लागते, तेथे जाऊन पाहावे. तेथल्या शेतमजुराच्या मुलीने भौतिकशास्त्र मागितले तर तिला कोण काय उत्तर देतो, यावरून त्या धोरणाची परीक्षा व्हावी.

येत्या जूनपूर्वी प्रत्येक युनियनने, प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि व्याख्यानमाला भरविणाऱ्या प्रत्येक संस्थेने एक साधे काम करावे. आपल्या भागात कोणत्या शाळेत कोणता विषय खरोखर शिकविला जातो, त्याला शिक्षक आहे की नाही, फी किती, आणि त्या विषयावरून पुढे कोठे कोठे जाता येते, याचा एक कागद मराठीत तयार करून फाटकावर व चावडीवर लावावा. मुदलियार आयोगाने १९५३ साली सुचविलेला मार्गदर्शक अजून पुष्कळ शाळांत पोहोचलेला नाही. तो येईपर्यंत हा कागद आपणच लिहिला पाहिजे.